गठाणीवरची खूण



इतिहास म्हटला की राज्ये, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु मालाच्या गठाणीलाही इतिहास असतो. आणि ज्या वऱ्हाडात आपण राहतो, त्या वऱ्हाडाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास तर पुष्कळसा कापसाच्या गठाणीचाच इतिहास आहे. आज आम्ही ज्या गठाणीविषयी बोलणार आहोत ती मात्र संगणकाच्या आज्ञांची आहे. युनिक्स आणि तिच्या कुळातील संगणकप्रणालींवर, दुसऱ्याच कोणी तयार केलेले सॉफ्टवेअर आणून बसविणे, ते ताजे ठेवणे आणि नको झाल्यास काढून टाकणे, हे काम कसकसे होत आले त्याचा हा वृत्तांत आहे. जाणकार मंडळी अशा सॉफ्टवेअरच्या गाठोड्याला ‘पॅकेज’ म्हणतात. धामणगाव बढे येथील माणसास गठाण हा शब्द पुरेसा आहे.

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे असे कोणी समजू नये. आपल्या खिशातील अँड्रॉइड मोबाइल लिनक्सच्या गाभ्यावर चालतो, आणि लिनक्स ही युनिक्सच्याच वळणाची प्रणाली होय. इंटरनेटवर सेवा पुरविणारे बहुसंख्य संगणक याच कुळातील आहेत. आपण मोबाइलमध्ये एखादे ॲप ‘उतरवून घेतो’ म्हणजे एका परक्या माणसाने बांधलेली गठाण आपल्या घरात उतरवून घेतो. ती कोणी बांधली, आत काय आहे आणि खोट निघाली तर जाब कोणाला विचारावयाचा, हे प्रश्न कापसाच्या बाजारात जितके खरे, तितकेच येथेही खरे आहेत.

कापसाने शिकविलेला धडा

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. भाव चढला तशी लबाडीही चढली. रुईवर पाणी मारणे, सरकी आणि माती मिसळणे, वर चांगला माल ठेवून आत रद्दी भरणे, असे प्रकार सुरू झाले. तेव्हा 1863 साली मुंबई सरकारला कापसातील लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला. 1870 साली जलंबहून खामगावास रेल्वेचा फाटा आला. माल दूर जाऊ लागला आणि घेणारा व विकणारा एकमेकांच्या दृष्टीआड झाले. 1897 साली वऱ्हाडात कापूस आणि धान्याच्या बाजारांचा कायदा होऊन बाजारावर समित्या आल्या, अडत्या आणि मापारी यांना परवाने आले. पुढे 1925 च्या जिनिंग-प्रेसिंगच्या कायद्याने प्रत्येक गठाणीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालण्याचे बंधन आले.

या खुणेचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. गठाणीवर खूण आहे एवढ्यावरून आतला कापूस उत्तम ठरत नाही. खूण एवढेच सांगते की ही गठाण अमुक प्रेसमध्ये, अमुक क्रमाने बांधली गेली, आणि आत दगड निघाल्यास कोणत्या दारात जावयाचे ते ठरलेले आहे. खूण म्हणजे मालाची हमी नसून जबाबदारीचा पत्ता होय. सॉफ्टवेअरच्या जगाला हाच धडा पुन्हा पहिल्यापासून गिरवावा लागला. तो कसा, ते आता पाहू.

फितींचा काळ

युनिक्सचा जन्म 1969 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत, केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या हातून झाला. बेल ही एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीची प्रयोगशाळा. 1956 च्या एका न्यायालयीन तडजोडीने त्या कंपनीला दूरध्वनीखेरीज अन्य धंद्यांत शिरण्यास मनाई होती. त्यामुळे युनिक्स विकून पैसा करण्याची वाट तिला बंद होती. विद्यापीठांना ती नाममात्र शुल्कात, मूळ लिखित आज्ञांसह मिळू लागली. विद्यार्थी आणि प्राध्यापक त्या आज्ञा वाचीत, दुरुस्त करीत आणि त्यांत भर घालीत.

बर्कलीच्या विद्यापीठातील बिल जॉय या विद्यार्थ्याने 1978 साली अशी भर एका चुंबकीय फितीवर एकत्र करून इतरांस पाठविण्यास आरंभ केला. त्या पहिल्या फितीत पास्कल भाषेचा अनुवादक आणि एक मजकूर-संपादक होता. ती स्वतंत्र प्रणाली नव्हती. दुसऱ्याच्या प्रणालीवर बसवावयाची ती जोडणी होती. आजच्या भाषेत ती एक परकी गठाणच होती. 1975 पासून युनिक्स वापरणाऱ्यांचा एक संघही उभा राहिला होता, आणि त्याच्या बैठकींना येणारी मंडळी एकमेकांना अशाच फिती देत-घेत.

या देवघेवीत मोठे सौजन्य होते, पण हिशेब नव्हता. फीत आली की तीमधील मूळ आज्ञा उघडावयाच्या, आपल्या यंत्राप्रमाणे फेरफार करावयाचे, त्यांपासून चालणारे सॉफ्टवेअर तयार करावयाचे आणि त्याचे भाग संगणकात ठिकठिकाणी ठेवावयाचे, हे सारे हाताने चाले. कोणता भाग कोठे ठेवला याची नोंद करणाऱ्याच्या डोक्यात राही. तो माणूस नोकरी सोडून गेला की नोंदही गेली. मग जुने सॉफ्टवेअर काढावयाचे म्हटले तर कोणती फाइल कोणाची हेच कळेना. ज्या कारखान्यात हजेरीपट नाही तेथे कामगार किती आणि पगार कोणाचा, याचा जसा घोळ होतो, तसाच हा घोळ होता.

विश्वासाचा प्रश्नही याच काळात उभा राहिला, आणि तो खुद्द टॉम्प्सननेच उभा केला. संगणकशास्त्रातील ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना त्याने केलेले भाषण 1984 साली प्रसिद्ध झाले. त्यात त्याने दाखवून दिले की मूळ आज्ञा निर्मळ असूनही, त्या आज्ञांचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधनच बिघडविलेले असेल तर तयार मालात चोरवाट ठेवता येते. अखेर प्रश्न आज्ञांवर विश्वास ठेवण्याचा नसून त्या लिहिणाऱ्या माणसांवर विश्वास ठेवण्याचा आहे, असा त्याच्या भाषणाचा मथितार्थ होता.

गठाण बांधली गेली

1983 साली रिचर्ड स्टॉलमन याने मुक्त सॉफ्टवेअरची ‘ग्नू’ ही योजना जाहीर केली, आणि 1991 साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. सुटे भाग मुबलक झाले. आता ते जुळविणार कोण, असा प्रश्न आला. 1993 ते 1997 या चार-पाच वर्षांत त्याला अनेक उत्तरे मिळाली. ऑगस्ट 1993 मध्ये इयान मरडॉक या विद्यार्थ्याने ‘डेबियन’ हा उपक्रम सुरू केला. 1994 साली जॉर्डन हबर्ड याने फ्रीबीएसडी या बर्कलीच्या वंशातील प्रणालीसाठी ‘पोर्ट्स’ची पद्धत काढली. रेड हॅट कंपनीने ‘आरपीएम’ नावाची गठाण प्रचारात आणली. नेटबीएसडीने 1997 साली आपली वेगळी पद्धत उभी केली.

या साऱ्यांत तपशिलाचे भेद असले तरी गठाणीवर काय लिहावे यावर बहुतेक एकमत झाले. नाव आणि आवृत्ती लिहावी. आत कोणकोणत्या फाइली आहेत आणि त्या कोठे ठेवावयाच्या, त्याची यादी असावी, म्हणजे काढताना नेमक्या त्याच काढता येतील. चालण्यासाठी दुसऱ्या कोणत्या गठाणी आधी हव्यात ते लिहावे. आणि डेबियनच्या प्रत्येक गठाणीत एक रकाना असतो, तो आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. ही गठाण कोण सांभाळतो, त्याचे नाव आणि पत्ता त्यात लिहिलेला असतो. लेखक एक आणि सांभाळणारा दुसरा, असे बहुधा असते. सांभाळणारा हा लेखकाचा माल पारखून, प्रणालीला जुळता करून, आपल्या नावाने बाजारात आणतो आणि तक्रारही तोच ऐकतो.

या रकान्यामागे एक संघटना आहे. डेबियनने 1997 साली वापरणाऱ्यांशी एक सामाजिक करार जाहीर केला. आम्ही दोष लपविणार नाही, असे एक कलम त्या करारात आहे. 1998 साली त्यांनी आपली घटना केली. दरवर्षी सभासदांच्या मतांनी प्रमुख निवडला जातो. नव्या सभासदास प्रवेश देण्यापूर्वी त्याची ओळख पटविली जाते, आणि जुने सभासद प्रत्यक्ष भेटीत त्याचे ओळखपत्र पाहून त्याच्या डिजिटल किल्लीवर आपली सही करतात. ज्याने आयुष्य कामगारांच्या सभांत घालविले त्याला यात ओळखीचे असे बरेच सापडते. सभासदत्व, घटना, निवडणूक आणि जबाबदारी यांवाचून परक्यांचा परक्यांवर विश्वास उभा राहत नाही. जून 2023 मध्ये निघालेल्या डेबियनच्या बाराव्या आवृत्तीत 64,000 हून अधिक गठाणी होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरात या मंडळींची जागतिक परिषद आपल्या देशात, कोची येथे भरली होती.

अवलंबनाचे जाळे

गठाण झाली तरी त्रास संपला नाही. एक गठाण दुसरीवर अवलंबून, दुसरी तिसरीवर. पहिली बसवू गेले की दुसरी हवी असा निरोप येई. दुसरी आणली की तिसरी हवी. आणि तिसरीची आवृत्ती नेमकी चौथीला चालत नसे. सरकारी कचेरीत एका दाखल्यासाठी दुसरा दाखला आणि त्यासाठी पुन्हा पहिलाच दाखला मागावा, तशी ही गत होती. 1998 साली डेबियनने ‘ॲप्ट’ हे साधन आणले, आणि काही वर्षांनी आरपीएमच्या गोटात ‘यम’ हे साधन आले. आता एकच गठाण मागावी. तिला लागणाऱ्या इतर गठाणी साधन स्वतःच शोधून, भांडारातून आणून, योग्य क्रमाने बसविते.

आपल्या भाषेचे उदाहरण घेऊ. रेड हॅटने 2004 साली ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे टंक मुक्त परवान्याखाली खुले केले. डेबियनच्या भांडारात देवनागरी लोहित टंकाची स्वतंत्र गठाण आहे, मराठी शुद्धलेखन तपासणाऱ्या शब्दसंग्रहाची आहे, आणि मराठी वापरासाठी लागणारे साहित्य एकत्र मागविणारी एक ‘टास्क’ गठाणही आहे. ही शेवटची गठाण आत जवळजवळ रिकामी असते. तिच्यात असते ती दुसऱ्या गठाणींची यादी. मराठी वाचू इच्छिणाऱ्याने तेवढी एक मागितली की बाकीचे आपोआप येते. ज्यांनी ते टंक आखले, ज्यांनी शब्द गोळा केले, ज्यांनी सूचनांची भाषांतरे केली, त्यांची नावे आपणांस ठाऊक नसतात. पण त्यांचे श्रम पडद्यावर उमटलेल्या प्रत्येक अक्षरात असतात.

मोहर का आली

सोय वाढली तशी जोखीमही वाढली. गठाण बसविताना ती सर्वाधिकाऱ्याच्या, म्हणजे युनिक्सच्या भाषेत ‘रूट’च्या, अधिकाराने बसते आणि तिच्यासोबतच्या आज्ञाही त्याच अधिकाराने चालतात. म्हणजे गठाण आत घेणे हे परक्या माणसास तिजोरीची किल्ली क्षणभर हातात देण्यासारखे आहे.

2002 च्या जुलैअखेर ओपनएसएसएच या अत्यंत महत्त्वाच्या सॉफ्टवेअरची मूळ प्रत, ज्या सर्व्हरवरून जग ती उतरवून घेई, तेथेच कोणी बदलून टाकली आणि तीत चोरवाट ठेवली. हे उघडकीस आले ते फ्रीबीएसडीच्या पोर्ट्समुळे. त्या पद्धतीत प्रत्येक मालाची एक गणिती ठेवण आधीच नोंदलेली असते. आलेल्या मालाची ठेवण नोंदीशी जुळेना, म्हणून एका दक्ष माणसाने आरडाओरड केली. मापाऱ्याने काटा पाहिला आणि लबाडी सापडली, असाच हा प्रकार. नोव्हेंबर 2003 मध्ये खुद्द डेबियनच्या काही सर्व्हरांत घुसखोरी झाली. भांडार सुदैवाने शाबूत होते, आणि करारातील कलमाला जागून त्या मंडळींनी घडले ते जाहीर केले. एप्रिल 2007 मध्ये निघालेल्या चौथ्या आवृत्तीपासून ॲप्ट हे साधन भांडाराच्या यादीवरील डिजिटल मोहर तपासूनच माल आत घेऊ लागले. पुढे 2013 पासून डेबियनमध्ये आणखी एक प्रयत्न सुरू झाला: एकाच मूळ आज्ञांपासून, कोणीही आणि कोठेही गठाण बांधली तरी ती अक्षरशः सारखीच निघावी. तसे झाले म्हणजे टॉम्प्सनच्या शंकेचे निदान काही अंशी निरसन होते.

आपल्या देशात

आपल्या देशातील कामगार चळवळीची संगणकाशी पहिली भेट झाली ती भांडणाची. साठीच्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या संगणकांविरुद्ध कर्मचाऱ्यांनी, विशेषतः कलकत्त्यात, तीव्र लढा दिला. त्यातून 1969 साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली यांत्रिकीकरणाविषयी समिती नेमली गेली आणि 1972 साली तिचा अहवाल आला. 1983 साली बँकांच्या संघटना आणि बँक-कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यात यंत्रांबाबत करार झाला. त्या पिढीचा प्रश्न होता, यंत्र येणार असेल तर माणसाचे काय. तो प्रश्न रास्त होता आणि आजही आहे. पण त्यापुढचा प्रश्न, यंत्राच्या आत कोणाचे सॉफ्टवेअर आणि त्यावर ताबा कोणाचा, हा चळवळीच्या मागण्यांत उशिरा आला.

तो स्पष्टपणे विचारला गेला केरळात. तेथे 2001 साली शाळांतून संगणकशिक्षणाची सरकारी योजना सुरू झाली. मुलांना एकाच कंपनीच्या मालावर अवलंबून ठेवू नये, अशी भूमिका शिक्षकांच्या संघटनेने घेतली, आणि यथाकाल तेथील शाळा मुक्त प्रणालीकडे वळल्या.

महाराष्ट्रात 1988 साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे 1991 साली ‘परम 8000’ हा महासंगणक तयार झाला. याच संस्थेच्या चेन्नई केंद्राकडून 2007 साली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली आली. तिचा पाया डेबियनचा असून मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय तीत आहे. यात कमीपणा काहीच नाही. हजारो परक्यांनी सांभाळलेले भांडार घेणे, त्यात आपल्या गरजेची भर घालणे आणि ते आपल्या नावाने व जबाबदारीने पुढे देणे, हाच या इतिहासाचा राजमार्ग आहे. मात्र आपले नाव लावले की सांभाळण्याचे कामही आपले झाले. जी प्रणाली एकदा समारंभाने प्रसिद्ध होते आणि मग जिच्या दुरुस्त्या वेळेवर येत नाहीत, ती कोणत्याही भाषेत असली तरी धोक्याचीच.

सांभाळणाऱ्याचे श्रम

आता आम्ही मुख्य मुद्द्याशी येतो. खूण, यादी, मोहर ही सारी व्यवस्था अखेर एका माणसाच्या जागेपणावर उभी आहे. त्या माणसाची स्थिती काय?

एप्रिल 2014 मध्ये ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधील एक भयंकर दोष उघडकीस आला. इंटरनेटवरील गुप्त देवघेवीचा फार मोठा भाग या सॉफ्टवेअरवर चालतो. तोपर्यंत त्या उपक्रमाला देणगीदाखल वर्षाला सुमारे 2,000 डॉलर मिळत, आणि मूठभर माणसे तो चालवीत. जगातील धनाढ्य कंपन्या त्याच मालावर कोट्यवधी मिळवीत होत्या. मार्च 2016 मध्ये एका लेखकाने वाद झाल्यावर आपल्या गठाणी एका भांडारातून काढून घेतल्या. त्यांतील एक अवघी 11 ओळींची होती. तिच्यावाचून असंख्य ठिकाणची कामे काही तास अडली.

सर्वांत बोधप्रद प्रकरण 2024 चे. ‘एक्सझेड’ हे फाइली दाबून लहान करणारे सॉफ्टवेअर आहे. डेबियनच्या गठाणी दाबण्यासही तेच वापरतात. म्हणजे ते आमच्या प्रेसमधले यंत्रच समजा. लासे कॉलिन नावाचा गृहस्थ ते अनेक वर्षे, विनामोबदला, फावल्या वेळात सांभाळीत असे. काम मागे पडू लागले तेव्हा त्याच्यावर तगाद्यांचा मारा झाला. त्याच सुमारास जिया टॅन या नावाने कोणी मदतीस आला, दोन वर्षांहून अधिक काळ इमानाने काम करून विश्वास मिळविला, सहसांभाळणारा झाला, आणि फेब्रुवारी-मार्च 2024 मध्ये दोन आवृत्त्यांत चोरवाट घालून मोकळा झाला. त्या गठाणींवर खूण होती, सही होती, सारे यथासांग होते. सही करणाराच खोटा होता. लबाडी पकडली ती अँड्रेस फ्रॉइंड या तंत्रज्ञाने. संगणकात शिरण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, एवढ्या शंकेवरून त्याने माग काढला. डेबियनच्या चाचणीसाठीच्या भांडारांपर्यंत तो माल पोहोचला होता; स्थिर आवृत्तीपर्यंत पोहोचला नव्हता. म्हणूनच अनर्थ टळला.

या प्रकरणाचा बोध केवळ तांत्रिक आहे असे आम्हांस वाटत नाही. बॉयलरवर एकच माणूस, रात्रपाळी त्याचीच, दिवसपाळी त्याचीच, आणि पगार नाही, अशा कारखान्यात अपघात झाला तर आपण त्या माणसास दोष देऊ काय? फुकटच्या श्रमावर सर्वांनी संसार थाटावा आणि श्रम करणारा थकला की त्याच्या जागी जो येईल त्यास न पारखता किल्ल्या द्याव्यात, ही व्यवस्थाच चोराला आमंत्रण देते. ज्या सरकारी खात्यांचे, बँकांचे आणि कंपन्यांचे व्यवहार या गठाणींवर चालतात, त्यांनी त्या सांभाळणाऱ्यांना वेतन, सोबती आणि रजा मिळेल अशी तजवीज केली पाहिजे. ही मागणी धर्मादायाची नसून मजुरीची आहे.

आपण काय करावे

राहिला आपला, म्हणजे गावातील शाळेचा, पतसंस्थेचा, सेवा केंद्राचा वाटा. तो थोडा आहे पण नेमाचा आहे. शक्य तोवर गठाण आपल्या प्रणालीच्या मूळ भांडारातूनच घ्यावी. एखाद्या कंपनीचे बाहेरचे भांडार जोडणे भाग पडले, तर ते कोणाच्या सांगण्यावरून आणि कशासाठी जोडले ते वहीत लिहून ठेवावे. कारण एकदा जोडलेले भांडार पुढेही माल धाडीत राहते. कोणी पाठविलेली आज्ञेची ओळ न वाचता सर्वाधिकाऱ्याच्या हक्काने कधीही चालवू नये. मोहर जुळत नाही असा इशारा आला तर तो बाजूला सारू नये, तेथेच थांबावे. दुरुस्त्या वेळच्या वेळी घ्याव्यात, आणि जे वापरात नाही ते काढून टाकावे. हे काम एकट्याच्या डोक्यात राहू देऊ नये. निदान दोघांना यावे. आणि दोष आढळला तर मुकाट्याने सोसू नये. गठाणीवर सांभाळणाऱ्याचा पत्ता असतो. त्यास सविस्तर, आणि सभ्य भाषेत, कळवावे. मराठी टंकातील एखादे जोडाक्षर चुकते हे मराठी माणसाने कळविले नाही, तर कोण कळविणार?

वऱ्हाडातील शेतकऱ्याला काटा, अडत आणि बाजार यांवर हक्क सांगण्यास पिढ्या लागल्या. संगणकाच्या बाजारात आपण आज तशाच पहिल्या पायरीवर उभे आहोत. गठाण उतरवून घेण्यापूर्वी तिच्यावरची खूण वाचावयास शिकणे, ही दुसरी पायरी होय.